आचाऱ्याचे पैसे

रात्री साडेदहाला साखर पेठेतले माग थांबले
की मी फाइल उघडते.
चौदा वर्षांची आहे ती. तीन हजार एकशे बारा ओळी.
ज्यांना स्क्रीन दिसत नाही
त्यांना स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवते.
पगार कुणालाच नाही. मला नाही,
माझ्या आधी ज्यांनी ती लिहिली
आणि नोकरी, लग्न, कंटाळा यांपैकी कशात तरी
निघून गेले, त्यांनाही नव्हता.

एकाच कामाची सात फंक्शनं.
एकाचं नाव 'तात्पुरते', दुसऱ्याचं 'तात्पुरते २'.
एके ठिकाणी कुणीतरी नुसतं लिहून ठेवलेलं:
हात लावू नका. का ते विचारू नका.

मी हात लावला.
एप्रिल होता, पंखा गरम हवाच ढवळत होता,
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि खोडण्यात एक गारवा असतो.

त्या भरात चार ओळी आल्या हाताला:
पाय मोडलेला र असेल, आणि त्याच्यामागे
शून्य रुंदीचं चिन्ह असेल, तर...
शून्य रुंदीचं!
जे छापलं जात नाही, पट्टीवर मोजता येत नाही,
त्याच्यासाठी चार ओळी?
'तर'च्या पुढे मी वाचलंच नाही.
सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या. झोपले.

तिसऱ्या दिवशी व्यंकटेश गज्जमचा फोन.
अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयाचा हिशेब ठेवतो तो,
आवाज इतका पळवून ऐकतो
की शेजारच्याला वाटावं, मोहरी तडतडतेय.
"काय करून ठेवलात ताई?
तीनशे पानं जेवली, आणि मशीन म्हणूलालंय
आचार्याला बारा हजार दिले.
आमच्यात कुठले आले ओ आचार्य?
आचाऱ्याला दिले! भात करणाऱ्याला!"
हसला.
"आणि पोरीच्या भूगोलात बघा,
सह्याद्रीत जिकडंतिकडं दर्या."
मीही हसले.
मग तो थांबला.
"तसं नाही ताई. मला डोळ्यानं ताडून बघता येत नाही.
ते म्हणेल तेच लिहिलंय, असं धरून चालतो मी."

इतिहास उघडला त्या चार ओळींचा.
बारा वर्षांपूर्वी, रात्री दोन चाळीस,
कुणी मु. इनामदार. बाई की बुवा, कळत नाही.
निरोप एवढाच: 'ऱ्य नीट.'
जुन्या मजकुरात दऱ्यांमधला र असाच बांधलेला असायचा,
एका न दिसणाऱ्या सांध्यानं.
तो काढला की दऱ्या भरतात,
समुद्र होतो.

लोकांना म्हणायला आवडतं, कोड म्हणजे विणकाम.
माझे नायना एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर होते,
त्यांना हे म्हणून दाखवलं.
दोनदा म्हणावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून.
ते म्हणाले, "विणकामात कान जातात.
तुझ्यात काय जातं?"
मला उत्तर आलं नाही.
त्यांनी कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी पुढं सरकवली.

ओळी परत बसवल्या, होत्या तशाच,
इनामदारांचं नाव ठेवून.
वर एक ओळ माझी:
आचाऱ्याचे पैसे आचाऱ्यालाच मिळावेत.
खाली एक चाचणी: दर्या. दऱ्या. दर्या. दऱ्या.
कान लावून कितीदा ऐकली कोण जाणे,
बाहेर घागरींचा आवाज सुरू झाला तेव्हा कळलं,
आज पाचवा दिवस.

गज्जमला पाठवलं.
त्यानं फोन मशीनजवळ धरला,
तडतडीत मला फक्त 'बारा हजार' कळलं.
"बरोबर आहे?"
"बरोबर आहे."

'तात्पुरते २' मात्र मी काढलं ते काढलंच.
त्याच्यासाठी अजून
कुणाचा फोन आलेला नाही.